लेबलासकट

शनिवारी ऊन डोक्यावर यायच्या आत पोचावं लागतं,
नाहीतर बरं बरं कॉलेजच्या पोरी उचलून नेतात.
हनीफ पिंजारी ताडपत्रीवर गठ्ठा फोडतो,
पट्टी तटकन तुटते, आणि एक वास सुटतो,
साबणाचा नाही, घामाचा नाही,
कुठल्याशा गोदामातल्या डांबरगोळ्यांचा.
त्याचा आजा जळगावात घरोघरी गाद्या पिंजायचा.
"हाबी पिंजेलच माल शे, ताई," तो म्हणतो,
"धनुकली तेवढी दुसरानी."

मी कुठलाच कपडा पुढून बघत नाही.
आधी उलटा करते.
सत्तावीस वर्षं ब्लाउज शिवतेय,
कपडा खोटं बोलतो तो बाहेरूनच.
आत धारा कशा मारल्यात,
किती माया सोडलीय,
तेवढं बघितलं की शिवणारा कळतो.

पुष्पलता नेहेते शेजारी उकिडवी बसून नावं वाचते.
मला त्यांचा उच्चार येत नाही,
तिला येतो, तिचा मुलगा पुण्यात असतो.
"अगं, हे मॉलमध्ये चाळीस हजाराला असतं!"
मी काखेतली शिवण तपासते.
चाळीस हजाराच्या काखेलाही
पिवळा डाग पडलेला असतो.

मग ढिगातून तो कोट निघाला.
उंटाच्या रंगाचा, लोकरीचा, गुडघ्याखाली जाणारा,
आणि पारा पंचेचाळीसवर.
केळीचा गाडीवाला हसून हसून लवला:
"माय वं, आठे कोन घाली हाई?
गुदमरी जाशी!"

मी आत हात घातला.
अस्तर गार. हातशिलाई.
टाके तांदळाच्या कणीएवढे, एकही वाकडा नाही.
फक्त डाव्या खिशात कुणीतरी
भोक बुजवलं होतं, निळ्या दोऱ्यानं,
घाईघाईनं, मोठी गाठ मारून.
तपकिरी रीळ सापडलं नसेल.
किंवा दाराशी कुणी खोळंबलं असेल
आणि हाताशी होतं ते सुईत ओवलं.
असं मीही केलंय, पुष्कळदा,
मुलांच्या दप्तरांना.

"कितलाले?"
हनीफनं कॉलर उलटून नाव वाचल्यासारखं केलं.
"लेबलसंगे सहाशे. लेबल काढीसन दोनशे."

लेबलाचं गिऱ्हाईक वेगळं असतं.
मार्केटातले शर्टवाले ती डझनानं नेतात,
मागच्या खोलीत शिवलेल्या सदऱ्याला
रातोरात परदेश लाभतो.

पुष्पलतानं कोपरानं ढोसलं, सहाशे दे गं,
नावच गेलं तर मग राहिलं काय?
मी दोनशे मोजले.

त्यानं ब्लेड काढलं.
थांब, म्हटलं, कापड कापशील.
पर्समधली माझी बारकी कात्री घेऊन
तिथंच ताडपत्रीच्या कडेला बसून
एकेक टाका उसवला, चारी कोपरे,
आणि ते नाव त्याच्या तळहातावर ठेवलं.
त्यानं ते पत्र्याच्या पानाच्या डब्यात टाकलं.
डब्यात अशी साठ-सत्तर नावं
एकमेकांच्या अंगावर पडलेली.

रात्री कूलरसमोर उभी राहून घातला.
खांदे बसले बरोबर, बाह्या जरा लांब.
आरशात एक बाई, कुठं तरी निघालेली.
सून म्हणाली, "आई, काढा, घेरी येईल."
काढते, म्हटलं, आणि हात डाव्या खिशात घातला.
निळी गाठ बोटाला लागली.
अजून घट्ट होती.

मानेमागे चार ठिकाणी सुईची भोकं उरलीत.
वाफ दिली की लोकर फुगते, भोकं बुजतात,
हे मला शिकवायला नको.
इस्त्री दोनदा तापवली.
दोनदा तशीच गार होऊ दिली.

सोमवारी भंगाळेबाईंचा ब्लाउज बेतताना
अर्धा इंच माया जास्त सोडली.
त्यांनी विचारलं, कशाला?
कापड उरत होतं, म्हटलं.